मानपत्र मागे घेण्याबाबत

हिंजवडीचा रस्ता, कंपनीची बस
सोमवार, १३ जानेवारी २०२५

ती. काका,
सप्रेम जय भीम.

सर गेले. घाबरू नका, धडधाकट आहेत. क्लब सोडून गेले. पत्र असं सुरू करायला नको होतं हे लिहिल्यावर कळलं, पण बस पुलाखाली अडकलीय, दुसरा कागद नाही, आणि खोडाखोड केली की तुम्ही चार शब्द ऐकवता.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऋचावहिनींच्या मोबाइलवर पाठवलं तर तुम्ही वाचत नाही. म्हणून हेही तनुजाच्या डब्याच्या पिशवीतून येईल. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी तुमच्या शेजारच्या सोसायटीत राहते हे आपलं नशीब. मागच्या पत्राला मेथीचा वास होता म्हणालात. आज तिनं वांगी आणलीयत.

तर काल तुमच्या इच्छेप्रमाणे मैदानावर कचरूसरांचा एकसष्टीचा सत्कार झाला. मॅचच्या आधी, सगळ्या पोरांसमोर. खुर्ची, हार, शाल, सगळं रीतसर. अध्यक्ष योगेशशेठ बोलले. नव्या रक्ताला वाव दिला पाहिजे वगैरे. मग तुमचं मानपत्र मी माइकवर वाचलं. 'आपण द्रष्टे, आपण समयसूचक, आपण निर्भय. उगवती क्लबला आपण आयुष्याची सोनेरी वर्षे दिलीत. आता जीवनाच्या सायंकाळी कृतार्थ मनाने विसावा घ्यावा.' काका, पायऱ्यांवर बायका रडल्या. सर मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, भरून आलंय.

मॅच दोन-एक जिंकलो. पण दुसऱ्या हाफमध्ये पोरं दमली, सौरभला डावीकडून कुणीही कापून जात होतं, बदली खेळाडू उतरवायला हवा होता. तुम्ही पडायच्या आधी अशा वेळी पायरीवर उभे राहून ओरडायचात, "अहो सर, बदली आत्ता करताय की दिवाळीला?" आणि सर मागे न बघता डावा हात वर करायचे. काल कुणीच ओरडलं नाही. सरांनी मागे वळून पायऱ्यांकडे बघितलं. मी लहानपणी बाबांबरोबर यायचे तेव्हापासून त्यांना कधी मागे वळलेलं बघितलं नव्हतं. तुमच्या जागेवर कुणीतरी पाण्याचा जार ठेवला होता.

मॅच संपल्यावर त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून आमच्या राकेशच्या हातात दिली. सामानाच्या खोलीची किल्ली दिली. "सांभाळ," म्हणाले आणि निघाले. राकेश कॅप्टन असला तरी माझा धाकटा भाऊच तो, त्याला वाटलं सर चहाला चाललेत. संध्याकाळी योगेशशेठना निरोप आला, यापुढे मला धरू नका.

फोन बंद आहे. सगळे म्हणतायत योगेशशेठनंच काढलं. मला काही सुचत नाहीये. आपण गुणतक्त्यात आधीच खालून तिसरे आहोत. सरांशिवाय काय होणार?

तुमची,
सोनाली


कर्वेनगर
१५ जानेवारी

चि. सोनालीस अनेक आशीर्वाद.

'सर गेले' हे वाचून मी चहाचा कप बशीऐवजी वर्तमानपत्रावर ठेवला. सून ऋचा म्हणाली, काय झालं? म्हटलं, पुण्यातला फुटबॉल संपला. ती म्हणाली, सुरू कधी झाला होता? अशा घरात मी राहतो.

नव्या रक्ताला वाव! हा योगेश नळ विकतो ना? मग नळाबद्दल बोलावं. अध्यक्ष झाला म्हणून त्याला फुटबॉल कळायला लागला, असं जर असेल तर मी उद्या गच्चीवर जाऊन पाऊस पाडतो. वीसपेक्षा जास्त वर्षं ज्या माणसानं फाटक्या बुटांच्या पोरांचा संघ उभा ठेवला, त्याला हार घालता घालता बाहेर काढायचं, ही चाल नळवाल्यालाच सुचावी. तुम्ही तरुण मंडळी करताय काय? जाऊन जाब विचारा.

तुला सांगितलं नव्हतं, मी तुमच्या मैदानावर आलो तो घरी लवकर जायचं नव्हतं म्हणून. बँकेची खडकी शाखा, शनिवारचा अर्धा दिवस, आणि घरी सौभाग्यवतींच्या मैत्रिणींचं भजनी मंडळ. पायरीवर बसलो. कचरूराव तेव्हा नुकतेच संघाचे मॅनेजर झाले होते. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एक पोरगा लंगडतोय आणि त्याला कुणी बाहेर काढत नाही एवढं दिसत होतं. मी ओरडलो. आणि त्या माणसानं मागे न बघता हात वर केला. ऐकलं, असा. सोनाली, बँकेत, घरात, सोसायटीच्या सभेत, कुणी माझं बोलणं ऐकून हात वर केलाय? त्यानंतर रविवार म्हटला की माझा पाय दुसरीकडे वळला नाही.

आता पाय कुठेच वळत नाही. खुब्याचं हाड जुळलं म्हणतात, पण डॉक्टरांनी हलू नका म्हणून बजावलंय. नाहीतर मीच आलो असतो.

मला भीती वाटते आहे. उगाच नाही, ज्या गोष्टीसाठी बरं व्हायचं ती गोष्टच जाग्यावर नसेल तर, अशी.

तू त्यांच्या घरी जा. आणि हो, मानपत्र त्यांना कसं वाटलं ते लिहायला विसरलीस. आयुष्यात मी कुणाचं एवढं कौतुक केलेलं नाही. शब्द जुळवताना घाम फुटला.

लोभ आहेच, उत्तर असावे.
श्यामसुंदर पटवर्धन


बोपोडी
सोमवार, २७ जानेवारी

ती. काका,
सप्रेम जय भीम.

दोन्ही मॅच हरलो. काल तर तीन-शून्य.

तुम्ही म्हणालात तसा जाब विचारला. चाळीसएक जण योगेशशेठच्या दुकानावर गेलो, घोषणा दिल्या. एका पोरानं त्यांच्या शटरवर 'सर परत द्या' असं रंगानं लिहिलं. शेठ बाहेर आले ते हात जोडूनच. म्हणाले, "अरे, मी काढीन का त्यांना? मी स्वतः त्यांच्या हाताखाली खेळलोय! भाषणात काय बोलू म्हणून पुतण्याला विचारलं, त्यानं लिहून दिलं ते वाचलं." रडायला आले होते, काका. आम्ही तरी ओरडतच राहिलो, कारण थांबायचं कसं ते कुणाला कळेना.  शेठनं काढलं नसेल तर सर का गेले, हा प्रश्न त्याहून वाईट होता.

आता राकेशकडे तात्पुरती सूत्रं आहेत. त्याला जेवण जात नाही. तीन-शून्य झाल्यावर पायऱ्यांवरून त्याला आईवरून शिव्या पडल्या, आणि आमची आई तिथेच बसली होती. ती उठली नाही. पदर डोक्यावर घेऊन शेवटपर्यंत बसून राहिली. याच लोकांनी मागच्या महिन्यात त्याला खांद्यावर घेतलं होतं.

सरांच्या घरी जाऊन आले. हे घरीच आहेत म्हणत चंद्रभागामावशींनी आत घेतलं, चहा केला. सर मिक्सर खोलून बसले होते, दुरुस्त करत. तब्येत बरी आहे. फार काही बोलले नाहीत. वय झालं, म्हणाले. आता विश्रांती घ्यावीशी वाटते म्हणाले. तुमची चौकशी केली.

तुम्ही काळजी करू नका. पाय सांभाळा.

तुमची,
सोनाली


कर्वेनगर
३० जानेवारी

चि. सोनालीस अनेक आशीर्वाद.

राकेशला सांग, पायऱ्यांवरच्या शिव्या या भाड्याच्या असतात, ज्याच्याकडे शिट्टी त्याच्याकडे जातात. घरी न्यायच्या नाहीत. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आणि सौरभला उजवीकडे खेळव म्हणावं. ते पोरगं उजव्या पायाचं आहे हे मला पायरीवरून दिसतं, जवळच्यांना का दिसत नाही कळत नाही.

योगेशबद्दल मी जे लिहिलं ते जास्त झालं. नळ चांगले विकतो तो. आमच्या स्वयंपाकघरात त्याच्याकडचाच आहे.

आता तुझ्याबद्दल. मी बँकेत बत्तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासल्या. सही खोटी असली की माणूस ती जरा जास्तच सुबक काढतो. तुझ्या पत्राचा शेवट तसा आहे. 'तब्येत बरी, वय झालं, काळजी करू नका.' कचरू शिरसाट आणि विश्रांती? या माणसाला मध्यंतरात खाली बसलेलं कुणी पाहिलंय का?

आणि मी दोनदा विचारणार नाही, म्हणून हे एकदाच समज. मानपत्राचं काय झालं हे मी विचारलं होतं. त्यावर तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. तू विसरभोळी नाहीस. तेव्हा जे आहे ते लिही. माझं हाड मोडलंय, डोकं शाबूत आहे.

श्यामसुंदर पटवर्धन


हिंजवडीचा रस्ता, बस
सोमवार, ३ फेब्रुवारी

ती. काका,
सप्रेम जय भीम.

लिहिते. पण एक वचन द्या, वाचून झाल्यावर औषधं वेळेवर घ्याल.

त्या दिवशी मी सरांकडे गेले तेव्हा मानपत्राची चौकट भिंतीवर नव्हती. कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलेली. मावशींनी माझी नजर बघितली आणि चहाला आत गेल्या. मी म्हटलं, "सर, शेठनं सगळ्यांसमोर सांगितलं, त्यांनी तुम्हाला काढलेलं नाही."

सर म्हणाले, "योगेशचं मी मनावर घेतलंच नाही. तो दुकानाच्या उद्घाटनाला पण तेच भाषण करतो."

"मग?"

त्यांनी मिक्सरचा स्क्रू घट्ट केला, परत सैल केला. म्हणाले, "काकांनी एवढ्या वर्षांत मला एकदा तरी बरं म्हटलंय का? जिंकलो तरी म्हणायचे, नशीब. कप आणला त्या वर्षी म्हणाले, पॉलिश नीट नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ओरडतायत म्हणजे अजून आपल्याकडून अपेक्षा आहे. आणि त्या दिवशी तू वाचायला लागलीस. द्रष्टे काय, निर्भय काय. मला तेव्हाच कळलं, संपलं आपलं. पटवर्धनकाका चांगलं बोलायला लागले म्हणजे माणूस एकतर मेला, नाहीतर निघाला."

मी म्हटलं, "सर, एकसष्टी होती तुमची! प्रेमानं केलं सगळ्यांनी."

"मागच्या वर्षी कारखान्यात पण प्रेमानंच केलं. खुर्चीत बसवलं, हार घातला, कागद वाचला. विसावा घ्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेटवर पास काढून घेतला, डबा विसरला होता तो आणायला आत सोडलं नाही. तिथे सेवापूर्ती म्हणाले, इथे एकसष्टी म्हणाले. हार तोच असतो, सोनाली. तिथे मी गेट बंद होईस्तोवर थांबलो. इथे म्हटलं, आपणच निघावं."

मी खूप समजावलं. तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं, शपथ घेतली. ते हसले. म्हणाले, "तू लहान आहेस. मोठी माणसं असंच सांगतात." मग दारापर्यंत आले आणि जे म्हणाले ते मला लिहायचं नव्हतं, पण तुम्ही सह्या तपासता. म्हणाले, "ओरडायला दर रविवारी यायचे. निरोप द्यायला मात्र कागद पाठवला."

काका, तुमचा पाय मोडलाय हे मी त्यांना सांगितलं. त्यांना माहीत होतं. तरीही असं म्हणाले.

यात तुमची चूक नाही. वाचलं तर मीच होतं ना माइकवर, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. काल पुन्हा हरलो.

सोनाली


बोपोडी
सोमवार, १७ फेब्रुवारी

ती. काका,

तुमचं उत्तर नाही. तनुजा रोज रिकाम्या हातानं येते आणि मी तिचं तोंड बघून समजते.

तिनं ऋचावहिनींना जिन्यात गाठून विचारलं. वहिनी म्हणाल्या, जेवण निम्म्यावर आलंय, वर्तमानपत्र उघडत नाहीत, गॅलरीच्या दाराकडे तोंड करून बसतात. आणि अजून एक म्हणाल्या. डॉक्टरांनी तुम्हाला हलू नका असं कधी सांगितलंच नाही! दिवाळीपासून सांगतायत, रोज काठी घेऊन खाली चक्कर मारा. तुम्हीच उंबरठ्याच्या पुढे पाऊल टाकत नाही. तिथे आलं की दाराची कडी धरून उभे राहता आणि परत फिरता.

मला इतका राग आला काका, आणि मग इतकी भीती वाटली. तुम्ही मला खोटं लिहिलंत म्हणून नाही. पडायची भीती वाटते हे तुम्ही मला सांगू शकला नाहीत म्हणून. मी काय हसले असते?

इकडे एक म्हातारा मिक्सर खोलतोय आणि परत जोडतोय, तिकडे एक म्हातारा दाराची कडी धरून उभा आहे. दोघंही बसा घरात. मधे आम्ही आहोत. राकेश झोपेत बडबडतो, 'किल्ली कुठंय, किल्ली कुठंय.' आपण आता खालून दुसरे. दोन मॅच राहिल्यात, खालचे दोन संघ खालच्या गटात जातात. गेलो तर अर्धी पोरं सोडून जातील, मग क्लब कसला आणि रविवार कसला.

मला ऑफशाइड तुम्ही शिकवलंत, चण्याच्या पुडीवर चित्र काढून. आता सांगा काय करू. काहीतरी लिहा. शिव्या लिहा, चालतील.

सोनाली


कर्वेनगर
२० फेब्रुवारी

चि. सोनालीस अनेक आशीर्वाद.

शब्द 'ऑफसाइड' असा आहे.

सोबतचं पत्र कचरूरावांना नेऊन दे. पाकीट उघडं ठेवलं आहे, तू वाच. तुझ्याशी खोटं बोललो, त्याबद्दल त्यातच लिहिलं आहे. दोनदा लिहिण्याइतकं धैर्य नाही.

श्यामसुंदर पटवर्धन


(सोबतचं पत्र)

श्री. कचरू शिरसाट यांस,

विषय: दि. १२ जानेवारी रोजी मैदानावर वाचलेले मानपत्र मागे घेण्याबाबत.

महोदय,

सदर मानपत्र मी लिहिले असून त्यात गंभीर चुका आढळल्या आहेत.

त्यात तुम्हाला द्रष्टे म्हटलं आहे. द्रष्ट्या माणसाला सौरभ उजव्या पायाचा आहे हे पहिल्याच सरावात दिसलं असतं. तुम्ही पोराला वर्षभर डावीकडे पळवलंत. समयसूचक म्हटलं आहे, त्याबद्दल तर मलाच दंड व्हायला हवा. ज्या माणसानं हयातीत एक बदली वेळेवर केली नाही, त्यानं नेमकी स्वतःची बदली मात्र हंगामाच्या मध्यावर, कुणाला न विचारता, घाईघाईनं उरकली. आणि निर्भय! निर्भय माणूस एका कागदाला भिऊन पळत नाही. तुम्ही माझ्याकडे येऊन, काका हे काय लिहिलंत, असं विचारायचं होतं. कर्वेनगरला यायला पासपोर्ट लागत नाही.

कप आणला त्या वर्षी पॉलिश नीट नव्हतं हे मी आजही म्हणेन.

राहता राहिलं विसाव्याचं वाक्य. ते कुणी मला सांगितलं नव्हतं, योगेशनंही नाही. मी घसरून पडलो तेव्हापासून घराबाहेर गेलेलो नाही. हाड जुळलं, धीर जुळला नाही. उंबरठ्याशी आलो की कडी धरून परत फिरतो. आता आपलं संपलं, विसावा घ्यावा, हे मी दिवसभर स्वतःला सांगत असतो, तेच हातून उतरलं. वाक्य माझं होतं, तुमच्या नावावर जमा झालं. बँकेत असतो तर निलंबित झालो असतो. याची मला लाज वाटते, आणि तुम्ही डबा आणायला गेटवर उभे राहिलात हे वाचल्यापासून घास उतरत नाही.

तुम्ही परत यावं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पटवर्धनांनी निरोप दिला म्हणून गेलो, असं म्हणायची सोय मी तुम्हाला ठेवत नाही. मी निरोप दिलेला नाही. तुमच्याबद्दल माझ्या तक्रारी अजून संपलेल्या नाहीत, आणि त्या ऐकल्याशिवाय तुम्हाला जाता येणार नाही.

तरी सदर मानपत्र चौकटीसह परत करावे. चौकट चांगली आहे, सुनेच्या उपयोगी पडेल.

आपला (पूर्वीइतकाच नाराज),
श्यामसुंदर पटवर्धन


बोपोडी
सोमवार, २४ फेब्रुवारी

ती. काका,
सप्रेम जय भीम!

पहिली बातमी: मानपत्र परत मिळणार नाही.

शनिवारी सकाळी पत्र नेऊन दिलं. सर उभ्यानंच वाचायला लागले. 'द्रष्टे'पाशी भुवया चढल्या. 'समयसूचक'पाशी ओठ हलायला लागले. मग ते मोठ्यानं वाचायला लागले, आत मावशींना ऐकू जाईल असं. "ऐक गं, ऐक, पासपोर्ट लागत नाही म्हणतात! स्वतःची बदली घाईघाईनं उरकली म्हणतात!" एवढे हसत होते की मावशी पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या. विसाव्याच्या ओळीपाशी आवाज थांबला. ते मनात वाचलं त्यांनी. मग खुर्चीत बसले आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. म्हणाले, "हे आपले काका. हे खरे."

मी म्हटलं, "चौकट द्या मग, परत मागितलीय."

त्यांनी कपाटामागून चौकट काढली, धूळ पुसली, आणि खिळा शोधायला लागले. बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली, थोडी बाजूला लावलीय. म्हणाले, "देत नाही म्हणून सांग. आता ते खरं वाटतं."

मी लगेच म्हटलं, सर, मग उद्या या, राकेश किल्ली घेऊन दारातच उभा राहील. त्यावर मान हलवली. "किल्ली दिली ती दिली. आज मी परत घेतली तर त्या पोराला उद्या कोण विचारेल? त्याला आता तीन-शून्यची चव कळलीय. माझ्यापेक्षा तो जास्त घाबरतो, म्हणजे चांगला मॅनेजर होईल." मावशी म्हणाल्या, "आणि मलाही लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच रविवार मिळालेत." मला रडू आलं, काका. आपण एवढं सगळं केलं ते सर परत यावेत म्हणून, आणि ते येत नाहीत. पण आधी ते घालवल्यासारखे गेले होते. आता स्वतः गेले. यात फरक आहे ना? मी रस्ताभर स्वतःला तेच विचारत होते.

आता कालचं ऐका. काल मॅच सुरू झाली आणि बघते तर सर पायऱ्या चढून येतायत. सत्काराची शाल खांद्यावर. लोक उठून उभे राहिले, टाळ्या, शिट्ट्या. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. सरळ तुमच्या जागेवर आले, पाण्याचा जार उचलून खाली ठेवला, शालीची चौघडी घातली आणि तिच्यावर बसले. सिमेंट गार लागतं म्हणाले. राकेशनं वळून बघितलं आणि पांढरा पडला.

पहिल्या हाफमध्येच गोल खाल्ला.  दुसऱ्या हाफमध्ये सौरभ पुन्हा डावीकडे हेलपाटत होता, राकेश नुसता रेषेवर येरझारा घालत होता, आणि पायऱ्यांवरून पुन्हा आईवरून सुरू झालं. सर चुळबुळत होते. शालीचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. मग एकदम उभे राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांना मैदानावर ओरडताना ऐकलं नव्हतं.

"राकेश, बदली आत्ता करतोस की दिवाळीला?"

पायऱ्यांवरच्या शिव्या थांबल्या. आणि काका, राकेशनं मागे बघितलं नाही. डावा हात वर केला.

त्यानं दोन बदल्या केल्या, सौरभला उजवीकडे घेतलं. सौरभच्याच पासवर गोल झाला. एक-एक. सर खाली बसले आणि मला म्हणाले, "काकांना सांगू नकोस, सौरभ खरंच उजव्या पायाचा आहे." म्हणून सांगतेय.

आता पुढचा रविवार शेवटचा. हरलो तर गेलो. 

तुमची,
सोनाली


कर्वेनगर
२६ फेब्रुवारी

चि. सोनालीस अनेक आशीर्वाद.

एक-एक. बरोबरीवर नाचायची सवय तुम्हाला कुणी लावली?

कचरूरावांना सांग, मानपत्र ठेवा, मात्र ते दिवाळीचं वाक्य माझं आहे. अडीअडचणीला वापरलं याबद्दल तक्रार नाही. पण वापरायचं तर नीट वापरावं. 'राकेश' काय, 'करतोस' काय? तो आता मॅनेजर आहे. लोक त्याच्या आईवरून बोलतात, त्याचं कारण तुम्ही त्याला अजून पोरगा समजता. त्याला 'अहो' म्हटलं पाहिजे. 'अहो राकेशसर, बदली आत्ता करताय की दिवाळीला?' असं. रविवारी मी म्हणून दाखवतो.

हो, येतोय. ऋचानं रिक्षावाला ठरवला आहे. काल आणि आज जिना उतरून सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. वॉचमननं विचारलं, कुणाकडे आलात? मी म्हटलं, इथेच राहतो, फक्त बरेच दिवस घरी नव्हतो.  भीती काही गेलेली नाही. तिलाही रिक्षात घेऊन येतो.

कचरूरावांना म्हणावं माझ्या जागेवरून थोडं सरका. आणि शालीची चौघडी मोडून दुहेरीच घाला, म्हणजे दोघांना पुरेल.

श्यामसुंदर पटवर्धन